सिमल्याचा बर्फ आणि त्यावरील माणसें

सिमला म्हटलें कीं आम्हां दक्षिणेकडील मंडळींच्या डोळ्यांपुढें उन्हाळ्यांतील गार हवा, देवदार वृक्ष आणि माल रोड एवढेंच उभें राहतें. भर पौषांत तिकडे जाण्याचा आमचा बेत ऐकून घरच्या वडील मंडळींनीं आम्हांला वेड्यांत काढलें. तथापि कालक्याहून निघणाऱ्या त्या ९६ किलोमीटर लांबीच्या अरुंद लोहमार्गानें आम्ही वर चढलोंच. गुडघेदुखीमुळें दादा घरीं राहिले होते. बरोबर होत्या थोरल्या वहिनी आणि पुण्याचा पुतण्या.

रिजच्या खालच्या अंगास, लक्कड बाजाराजवळ, बर्फावरील स्केटिंगचें मैदान आहे. ब्लेसिंग्टन नांवाच्या एका गृहस्थानें टेनिसच्या मैदानावर पाणी गोठवून १९२० सालीं या खेळाचा तेथें आरंभ केला. यंत्राविना बर्फ करावयाचा ही तेथील जुनी रीत. सायंकाळीं जमिनीवर पाण्याचा पातळ थर सोडावयाचा आणि आकाशाकडे पाहावयाचें. आकाश निरभ्र असलें तर जमिनीची उष्णता वर निघून जाते व पाणी गोठतें. ढग आले तर ती उष्णता खालींच अडते आणि सकाळीं ओल्या जमिनीखेरीज कांहीं हातीं लागत नाहीं. हिमवर्षाव झाला तरीही खेळाचा विचकाच! बर्फावरच्या खेळास आकाशांतला बर्फ चालत नाहीं, याचें वहिनींना मोठें नवल वाटलें.

पहिल्या सकाळीं आम्हीं कठड्याशीं उभें राहून केवळ माणसें पाहिलीं. त्यांचे चार वर्ग आम्हांला दिसले. पहिला हौशी प्रवाशांचा. हे भाड्याचे बूट चढवितात, एकमेकांस घट्ट धरून उभे राहतात, छायाचित्रें काढून घेतात आणि पंधरा मिनिटांत चहाकडे वळतात. दुसरा वर्ग चाकांच्या स्केट्सवर तयार झालेल्यांचा. आमचा पुतण्या त्यांतलाच. पुण्यांत त्यानें पदकें मिळविलेलीं. तो ऐटींत आंत शिरला आणि दुसऱ्याच क्षणीं त्यानें बसकण मारली! बर्फावरच्या पात्याच्या तळाशीं बारीक पन्हळ असते व तिच्या दोन्ही बाजूंस धारदार कडा असतात. वळणें आणि थांबणें सारें त्या कडांवर. चाकांवरची विद्या तेथें निम्मीच उपयोगी पडते.

तिसरा वर्ग हिवाळ्याच्या सुटींतल्या स्थानिक मुलांचा. पडतांना यांना लाजही वाटत नाहीं आणि फारसें लागतही नाहीं. चौथा वर्ग संख्येनें थोडा, साठी उलटलेल्यांचा. डोक्यास लोकरी टोपी, हात पाठीमागें बांधलेले, असे हे शांतपणें फेऱ्या घालीत असतात. जणूं नित्याची प्रदक्षिणाच चालली आहे.

सर्वांत मोठा मात्र पांचवा वर्ग, कठड्याबाहेर उभा राहणारांचा. आम्ही त्यांतले.

"भाऊजी, मी एकदां उतरूं का?" वहिनींनीं हळूच विचारलें. त्यांचें वय अठ्ठावन्न. आम्ही म्हणालों, "उद्यां पाहूं." खरें सांगावयाचें तर त्यांच्या हाडांपेक्षां आम्हांला स्वतःच्या प्रतिष्ठेचीच अधिक काळजी होती.

दुसऱ्या दिवशीं आकाश भरून आलेलें; बर्फ धरलाच नाहीं. फेऱ्या घालणारांपैकीं एक वृद्ध गृहस्थ तेथें भेटले. त्यांच्या लहानपणीं हिवाळ्यांत खेळास क्वचितच खंड पडे. आतां हवा उबदार होत चालल्यामुळें दिवस मोजून मिळतात, असें त्यांनीं सांगितलें. "जो दिवस गोठला तो आपला," अशा अर्थाचें कांहीं ते हिंदींत म्हणाले. वहिनी यावर बोलल्या नाहींत. आम्हांला मात्र आपला तो 'उद्यां' बोचत राहिला.

त्या रात्रीं चांदण्या स्वच्छ दिसूं लागल्या. निघण्याचा दिवस उजाडण्यापूर्वींच आम्हीं वहिनींना हांक मारली. त्या जाग्याच होत्या. मैदानावर त्या वृद्ध गृहस्थांनीं त्यांना प्रथम पडावयास शिकविलें. गुडघे वांकवावे, अंग किंचित् पुढें झुकवावें, तोल गेलाच तर एका कुशीवर बसावें, हात मागें टेकूं नयेत. वहिनी सात पावलें गेल्या, पडल्या, पुतण्याचा हात धरून उठल्या आणि मोठ्यानें हंसल्या. इतक्या वर्षांत घरांत त्यांना तसें हंसतांना आम्हीं पाहिलें नव्हतें.

"आतां तुम्ही, भाऊजी," त्या म्हणाल्या. आम्हीं निमूटपणें बूट मागितले.

घरीं परतल्यावर दादांनीं विचारलें, "काय, सिमल्यास पाहण्यासारखें काय होतें?"

"भाऊजींचें पडणें!" वहिनींनीं उत्तर दिलें. त्यावर माजघरांत जो हंशा पिकला, त्यांत सर्वांत मोठा आवाज आमचाच होता.