पदभार

संपादकांनी आमच्याकडे मागितला होता तो लेख हा नव्हे. फोर्ट विल्यम कॉलेजाच्या आश्रयाने निघालेल्या मराठी ग्रंथांवर चार पाने लिहून द्यावीत, अशी त्यांची आज्ञा होती. मागणी रास्त होती. गेली तीन वर्षे आमचे बिऱ्हाड ह्या किल्ल्याच्या तटाआड आहे, आणि त्याच्याच नावाने चाललेल्या विद्यालयात विल्यम कॅरी मराठी शिकवीत असत. १८०५ साली त्यांनी मराठीचे व्याकरण श्रीरामपूरला छापले. १८१० साली मोडी लिपीतला कोश काढला. कॉलेज मात्र किल्ल्यात नव्हे, रायटर्स बिल्डिंगमध्ये भरत असे. पुष्कळांची समजूत उलट आहे. ही समजूत दुरुस्त करून आम्ही लेखाचा आरंभही केला होता. लेख तेथेच थांबला. थांबण्याचे कारण वजनाने पावणेतीन किलो होते.

कन्येचा जन्म २०२५ च्या फेब्रुवारीतला. त्याच सुमारास वर्तमानपत्रांत बातमी आली की, फोर्ट विल्यमचे नाव आता विजय दुर्ग झाले आहे, आणि दक्षिणेकडील सेंट जॉर्ज दरवाजा यापुढे शिवाजी द्वार म्हणून ओळखला जाईल. प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ साली, इंग्रजांनी बांधायला घेतलेल्या आणि १७८१ साली पुऱ्या केलेल्या ह्या कोटाला देवगड तालुक्यातल्या आपल्या जलदुर्गाचे नाव मिळाले, म्हणून गावाकडून अभिनंदनाचे दूरध्वनी आले. जणू नामांतराचा ठराव आम्हीच मांडला होता! नातीच्या बारशाबरोबर किल्ल्याचेही बारसे झाले, असे आमचे वडील म्हणाले. पत्त्यावर कोणते नाव घालावे ह्याचा विचार करण्याइतके भान मात्र त्या दिवसांत घरात कुणालाच नव्हते.

सासूबाई सव्वा महिना राहिल्या. त्यांनी डिंकाचे लाडू केले, अळिवाची खीर केली, टाळू भरली, शेक दिला, आणि एके सकाळी हावड्याला गाडीत बसून त्या परत गेल्या. त्यांच्याही घरी अंथरुणाला खिळलेले माणूस होते. परमुलखात नोकरी करणाऱ्या वाचकांना त्या दिवसाचे वर्णन करून सांगायला नको. गाडी सुटेपर्यंत आपण ‘पोहोचल्यावर कळवा’ म्हणत असतो. घरी येऊन दार लावले की, ह्या शहरात आपले असे कुणी नाही, हे त्या दाराच्या आवाजात ऐकू येते. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात गणपतीला पाचशे माणसे भेटतील, पण रात्री तीन वाजता मूल धरायला त्यांतले कुणाला बोलवावे?

आमची रजा तोवर संपली होती. केंद्र सरकारच्या १९७२ च्या रजा-नियमांप्रमाणे मातेला १८० दिवस मिळतात, पित्याला १५. बालसंगोपन रजा म्हणून संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची आणखी एक तरतूद आहे. ती स्त्रियांसाठी आहे, आणि २०१८ पासून एकट्या पुरुषासही मिळते. पत्नी हयात असलेल्या बापाने मुलाला हात लावू नये, असा ह्या नियमाचा हेतू खास नसणार. पण फायली चाळण्यात आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्याला तो अर्थ सोयीस्करपणे काढता आला, हे कबूल केले पाहिजे. सोळाव्या दिवशी आम्ही कार्यालयात गेलो तेव्हा जिना उतरताना आमची पावले हलकी पडत होती.

पत्नीही सरकारी नोकर, हिशेब खात्यातली. ‘रात्रीचे काही तरी वाटून घेऊ या,’ असे तिने एकदा सुचविले, तेव्हा आम्ही आनंदाने तक्ता आखला. दिवसाचे चोवीस तास, दोन रकाने. अंघोळ, लंगोट, दुपटी धुणे, ढेकर काढणे, औषधे आणणे, शिधा आणणे. आमच्या रकान्यात कार्यालयाचे नऊ तास ‘कुटुंबार्थ श्रम’ म्हणून जमा धरले. बेरीज अगदी काट्याला काटा आली. तिने तो कागद हिशेबनिसाच्या नजरेने वरपासून खालपर्यंत वाचला आणि इतकेच विचारले, “ह्यात माझी झोप कुठे आहे?”

नवजात मूल अहोरात्रात आठ ते बारा वेळा अंगावर पिते. एकेका पाजण्याला अर्धा तास, मग ढेकर, मग लंगोट, मग थोपटणे. डोळा लागतो न लागतो तोच पुढची पाळी. हे सारे तक्त्यात ‘स्तनपान’ ह्या एका ओळीत मावले होते. आमच्या नऊ तासांत मात्र दोन वेळचा चहा होता, वृत्तपत्र होते, आणि कुणी अंगावर रडत नव्हते.

सकाळी दोन तास एक वयस्क बंगाली बाई मुलीला तेल लावायला येत. त्यांना ‘माशी’ म्हणायचे, म्हणजे मावशी. मराठी कानाला ही हाक चमत्कारिक लागते, पण सवय होते. मुलीला निजविताना त्या बंगाल्यातले ते प्रसिद्ध अंगाईगीत म्हणत, ज्यात वर्गी देशात शिरल्याची भीती आहे आणि आता सारा कशाने भरायचा ही चिंता आहे. वर्गी म्हणजे आपले बारगीर. नागपूरकर भोसल्यांचे भास्करपंत कोल्हटकर १७४२ साली बंगाल्यात घुसले, तेव्हा धास्तावलेल्या कलकत्तेकरांनी शहराभोवती मराठा खंदक खणायला घेतला. तो अर्धाही पुरा झाला नाही आणि मराठे कलकत्त्यावर आलेही नाहीत. पण पश्चिम बंगालच्या खेड्यांनी जे सोसले ते त्या गाण्यात पावणेतीनशे वर्षे टिकून राहिले आहे. मराठ्याच्या मुलीला मराठ्याचीच भीती घालून निजविताना त्या माउलीला काही वावगे वाटत नसे, आणि मुलगी तर निर्धास्त झोपत असे. बारगीर म्हणजे ज्याचा घोडा स्वतःचा नसून सरकारचा, तो स्वार. घर सरकारचे, खुर्च्या सरकारच्या, पंखेही सरकारचे. त्या अर्थाने आम्हीही बारगीरच, असे आम्ही विनोदाने म्हणालो. पत्नी हसली नाही. ती बरेच दिवस हसली नव्हती, हे आमच्या ध्यानात तेव्हा आले.

आम्ही काय करीत होतो? आम्ही कॅरीवरचा लेख लिहीत होतो. दहा वाजता जेवण झाले की पलीकडच्या खोलीत दिवा लावून बसावे, ‘जरा दार ओढून घे, रडणे ऐकू येते,’ असे सांगावे, आणि मराठी गद्याच्या पहाटेविषयी टिपणे काढावीत. तेथेच आम्हांला डॉरोथी भेटली.

डॉरोथी म्हणजे कॅरीची पत्नी. १७९३ च्या जूनमध्ये ती हिंदुस्थानास यायला निघाली तेव्हा तिच्या मांडीवर काही आठवड्यांचे मूल होते आणि भोवती आणखी तीन मुलगे. येण्यास तिने प्रथम साफ नकार दिला होता. बहीण सोबत येईल ह्या अटीवर ती गलबतावर चढली. पुढल्याच वर्षी बहीण येथे लग्न करून मागे राहिली, आणि कॅरी कुटुंब उत्तरेकडे मदनावतीच्या निळीच्या कारखान्यावर गेले. तेथे १७९४ साली पाच वर्षांचा पीटर वारला. डॉरोथीचे मन त्यानंतर ढळले ते कायमचे. १८०७ च्या डिसेंबरात ती गेली. शेवटची वर्षे तिला कोंडून ठेवावे लागत असे. श्रीरामपूरला तिच्या मुलांना वळण लावले ते हॅना मार्शमन ह्या दुसऱ्याच बाईने. कॅरीचे चरित्रकार हे सारे सांगतात, आणि ह्या यातना शेजारच्या खोलीत चालू असताना कॅरी शांतपणे भाषांतरे करीत राहिले म्हणून त्यांच्या धीराची वाखाणणी करतात.

डॉरोथीच्या व्याधीचा दोष कॅरीच्या माथी मारणे सोपे आहे, आणि बहुधा अन्यायाचेही. त्या काळी मनोव्याधीला औषध नव्हते. आणि कॅरी क्रूर होते असे कुणी म्हणत नाही. पण मराठी व्याकरणाची १८०५ ही तारीख आम्ही लिहिली, आणि त्याच वर्षी ती बाई त्या घरात कोंडलेली होती हे मनात आले, तेव्हा ओढून घेतलेल्या दारापलीकडून येणारे रडणे आम्हांला वेगळ्याच प्रकारे ऐकू आले. रडत मुलगी नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही उभयता डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पत्नीपुढे दहा प्रश्नांचा एक कागद ठेवला. १९८७ साली एडिंबरोत तयार झालेली ही प्रश्नावली बाळंतिणीच्या मनाची स्थिती पाहण्यासाठी जगभर वापरतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचाराविषयी असतो. तेथे तिची लेखणी क्षणभर थांबली. मग ‘कधीच नाही’ ह्यावर तिने खूण केली. नऊ प्रश्नांची उत्तरे आम्ही विसरलो. तो क्षण विसरलो नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे थकव्याच्या पलीकडे जात आहे, पंधरा दिवसांनी पुन्हा या, गरज पडली तर औषध देऊ. पण आज रात्रीपासून हिला सलग चार-पाच तास झोप मिळाली पाहिजे, तुकड्यातुकड्यांनी नव्हे. काढून ठेवलेले दूध शीतपेटीत चार दिवस चांगले राहते, ते बोंडल्याने कुणालाही पाजता येते, अगदी पुरुषालाही! हे शेवटचे त्या आमच्याकडे पाहून म्हणाल्या.

त्या रात्रीपासून नऊ ते दोन पहारा आमचा आणि दोन ते सात तिचा, असे ठरले. एवढ्याने प्रश्न सुटायला हवा होता. सुटला नाही. आम्ही दर पाऊण तासाने दाराशी जाऊन हलक्या आवाजात विचारीत असू, “दुपटी कुठे ठेवली आहेस?” “ही उचकी बरी का?” “बोंडले उकळले होते ना?” ती डोळे मिटून उत्तरे देई. आम्ही जागत होतो आणि तीही जागत होती. आठ दिवसांत दोघेही सारखेच निकामी झालो. समान वाटणी खरी ती एवढीच. एप्रिलात एका रात्री कालबैसाखीचे वादळ झाले, दिवे गेले, आणि आम्ही आरामखुर्चीत मुलीला छातीशी घेऊन बसलो असता आमचा डोळा लागला. जाग आली तेव्हा ती आमच्या हाताखालून सरकून खुर्चीच्या कडेला, तोंड गादीत खुपसून पडली होती. आम्ही तिला उपडी उचलली. ती रडली. आयुष्यात कुठल्याही आवाजाने आम्हांला इतका आनंद झालेला नाही. थकलेल्या माणसाने खुर्चीत मूल घेऊन बसणे हे पाळण्यात ठेवण्यापेक्षा किती धोक्याचे असते, हे आम्ही नंतर वाचले.

आमच्या शेजारी मराठा पलटणीतले एक सुभेदारसाहेब राहत, साताऱ्याकडचे. सकाळी आमचे तोंड पाहून त्यांनी चौकशी केली. सारे ऐकून घेऊन ते म्हणाले, “साहेब, पहारा बदलला की आमचा गडी बंदूक जमा करून झोपतो. नवा गडी दर घटकेला त्याला उठवून, पावलं कुणाची वाजत्यात, असं इचारू लागला, तर पहाऱ्यावर दोघं आणि झोपलेलं कुणीच न्हाई.” 

आम्ही सरकारी नोकर. पदभार देणे आणि घेणे म्हणजे काय हे आम्हांला नव्याने शिकायला नको होते. बदली झालेला अधिकारी कागदावर सही करतो, किल्ल्या देतो, आणि त्या घटकेपासून कपाटात काय आहे ह्याची जबाबदारी त्याची उरत नाही. नवा अधिकारी त्याला रोज विचारू लागला तर आपण त्याला नालायक म्हणतो. घरात मात्र आम्ही काम उचलीत होतो आणि भार तिच्याकडेच ठेवीत होतो. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लशींच्या तारखा तिच्या डोक्यात, गुटी देऊ नये हे आमच्या आईला समजावणे तिच्याकडे, लंगोट संपत आल्याची आठवण तिचीच. आम्ही सांगितलेले करीत असू आणि त्यालाच मदत म्हणत असू.

म्हणून लशींचे पुस्तक, दुपट्यांचे कपाट आणि डॉक्टरीणबाईंचा दूरध्वनी क्रमांक आम्ही रीतसर ताब्यात घेतले. तिलाही हे सोपे गेले नाही, हे नमूद करतो. पहिल्याच रात्री आम्ही झबले उलटे घातले. पहाटे तिने ते पाहिले, ओठ घट्ट मिटले आणि काही न बोलता मुलीला पदराखाली घेतले. त्या न बोलण्याचे श्रम तक्त्यात कोणत्या रकान्यात मांडावेत ते आम्हांला अजून कळलेले नाही. तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा दहा प्रश्न दिले. दहाव्यापाशी लेखणी थांबली नाही. औषध लागले नाही, पण लागले असते तर ते घेण्यात कमीपणा नव्हता, असे त्यांनी बजावले.

ऑगस्टात पत्नी कामावर रुजू झाली. आता मुलीला दात येत आहेत आणि रात्री पुन्हा पूर्वीसारख्या झाल्या आहेत. कॅरीच्या व्याकरणाविषयी लिहायचे राहूनच गेले. संपादकांनी पुढच्या अंकापर्यंत मुदत द्यावी. दोन वाजायला दहा मिनिटे कमी आहेत. आज ताप नाही, एकदा शंभर मिलिलिटर दूध घेतले, डावीकडची हिरडी सुजली आहे: एवढे तिला सांगायचे, आणि निजायचे.