आज बाराच फोटो

कोडॅकचा ‘ब्राउनी’ हा पुठ्ठ्याचा कॅमेरा १९०० साली एका डॉलरला मिळू लागला आणि त्याची जाहिरात मुलांना समोर ठेवूनच केली गेली. पोरांच्या हाती कॅमेरा देण्याची कल्पना इतकी जुनी. मोबाइलने बदललं ते एवढंच, की आता फोटो संपत नाहीत. म्हणून आठ वर्षांच्या भाचीला घेऊन सकाळी पुण्याच्या मंडईकडे चालत निघालो, तेव्हा अट घातली : आज बाराच फोटो. घरातल्या जुन्या आग्फा क्लिक थ्रीच्या रोलवर तेवढेच निघायचे. ती आधी हिरमुसली. पण मग प्रत्येक फोटोआधी थांबू लागली.

वाटेत एका झाडाखाली उन्हाचे कवडसे पडले होते. पानांतल्या फटी वेड्यावाकड्या, मग जमिनीवरचे ठिपके गोलसर कसे? तिने वर पाहिलं, खाली पाहिलं. मग मी सांगितलं, की यातला एकेक ठिपका म्हणजे सूर्याचं चित्र आहे आणि ती बारीक फट हाच कॅमेरा. खंडग्रास सूर्यग्रहणात हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. उजेड कुठून येतो ते आधी बघावं, ही पहिली शिकवण तिथेच उरकली.

दुसरी रीतीची. मंडईच्या १८८६ सालच्या दगडी इमारतीत एका भाजीवाल्या मावशींसमोर तिने मोबाइल उचलला. म्हटलं, आधी विचार.

‘मावशी, फोटो काढू?’

‘थांब गं बाय, मेथीवर पाणी मारू दे.’

पाणी मारून झालं, पदर सारखा झाला, मग परवानगी मिळाली. विचारलं की फोटोतला सहजपणा जातो, असं म्हणतात. जाईना का! आपण कसं दिसायचं हे मावशींना ठरवता आलं.

काय टिपायचं, हे मात्र तिचं तिने ठरवायचं. मी कमानींकडे बघत होतो, ती ओट्याखाली : मांजर, पोत्यावरची अक्षरं, हमालाच्या टाचा. १८९४ साली जन्मलेला फ्रान्सचा जाक-आंरी लार्तिग वडिलांनी दिलेल्या कॅमेऱ्याने लहानपणीच घरच्या माणसांच्या उड्या टिपत असे. त्याचे फोटो १९६३ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये लागले. ‘सगळ्यांना आधी नीट उभं कर’ असं कुणी त्या पोराला बजावलं असतं, तर त्या उड्या कायमच्या गेल्या असत्या.

घरी येऊन आम्ही बाराही फोटो पाहिले. मला मांजराचा आवडला. तिने विचारलं, ‘मामा, मावशींना त्यांचा फोटो कधी द्यायचा?’

आता प्रत छापून पुन्हा मंडई गाठायची आहे. आपण काढलेला फोटो समोरच्याचाही असतो, हे आठव्या वर्षी उमगलं, तर फोकस नि एक्स्पोजर मागाहून कधीही शिकता येतं.