शेडची वायरिंग

घरामागच्या शेडमध्ये बाबांचं सुतारकाम चालतं. वीज यायची स्वयंपाकघराच्या खिडकीतून, एक्स्टेन्शन बोर्डाने. पावसाळ्यात ड्रिलला हात लावला की मुंग्या यायच्या. बाबा रबरी चपला घालून काम करायचे.

वायरमनने १८ हजार सांगितले. मी इलेक्ट्रिकलचा इंजिनिअर (नोकरी सॉफ्टवेअरची, डिग्री खरी), म्हणून हिशेब मांडला. अंतर २५ मीटर, भार १६ अँपिअर. ४ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीत जेमतेम ४ व्होल्ट पडतात, अडीचच्या वायरीत ६. म्हणजे अडीचची पुरे. आर्मर्ड केबल नको, अर्थिंगचा वेगळा खड्डा नको. ७ हजार वाचले!

वायरमनने कागद बघितलाही नाही. "तिथे तुमचे बाबा केळी लावतात ना? कुदळ मारताना केबल लागली तर?"

माझ्या हिशेबात कुदळ नव्हती. बाबाही नव्हते. १८ हजार दिले.

पहिल्याच दिवशी बाबांनी ड्रिल लावलं आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडला. वर केला, पुन्हा पडला. इतकी वर्षं ड्रिलच्या बॉडीत करंट उतरत होता. जुन्या बोर्डाला अर्थिंगची वायरच नव्हती.

बाबा वैतागले. "एवढे पैसे घालून वायरिंग बिघडवलं त्याने. बोलाव त्याला."