पुण्यातला सेकंडरी

आमचा मूळ गिटलॅब सर्व्हर फ्रँकफर्टला, आणि त्यावर रोज कोड लिहिणारी निम्मी माणसं हिंजवडीत. वर्षानुवर्षं फुगत गेलेली रिपॉझिटरी क्लोन करायला लावली की माणूस जेवून यायचा, तरी टक्केवारी सरकतच असायची. सकाळी बिल्ड सुरू झाले की सगळेच खोळंबायचे. म्हणून पुण्यात सेकंडरी सर्व्हर बसवायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं.

गिटलॅबमध्ये या सोयीला जिओ म्हणतात. लिहिणं एकाच ठिकाणी, प्रायमरीवर. वाचणं जवळच्या सेकंडरीवरून. पुण्यातून कुणी पुश केलं तर सेकंडरी ते परस्पर फ्रँकफर्टला पोचवतो. डेटाबेस येतो पोस्टग्रेसच्या स्ट्रीमिंग रेप्लिकेशननं, रिपॉझिटरी वेगळ्या वाटेनं. कुठली आली, कुठली राहिली, याची नोंद सेकंडरी स्वतःच्या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवतो.

यात कोडची नक्कल करणं सर्वांत सोपं, असं मी नव्या माणसांना आवर्जून सांगतो. जपायची असते ती सर्व्हरची ओळख. प्रायमरीवरची सीक्रेट्सची फाइल जशीच्या तशी सेकंडरीवर न्यावी लागते. सेकंडरीनं आपली वेगळी फाइल बनवली, तर डेटाबेस शेवटच्या ओळीपर्यंत येतो, पण त्यातले एन्क्रिप्ट केलेले रकाने उघडत नाहीत. बिल्डसाठी ठेवलेले पासवर्ड, दुहेरी लॉगिनची माहिती, सगळं किल्ली हरवलेल्या कपाटासारखं. एसएसएचच्या होस्ट कीसुद्धा तशाच न्यायच्या. नाहीतर एकाच पत्त्यामागे दोन सर्व्हर असताना प्रत्येकाचा लॅपटॉप ‘समोरचा सर्व्हर बदललाय’ म्हणून अडून बसतो.

दोन्हीकडची ऑपरेटिंग सिस्टिम एकाच आवृत्तीची हवी, यावर मी हटून बसलो. पुण्यात नवी आवृत्ती टाकावी असा आग्रह होता. पण लिनक्सच्या ग्लिबसी 2.28 मध्ये अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. पोस्टग्रेसचे इंडेक्स मात्र प्रायमरीवर रचलेले तसेच्या तसे इकडे येतात. जुन्या क्रमानं लावलेल्या इंडेक्समध्ये नव्या नियमानं शोधलं, की समोर असलेली नोंदही सापडत नाही. आणि तक्रार कुठेच उमटत नाही, म्हणून हा घोटाळा मला सर्वांत वाईट वाटतो.

मग रेप्लिकेशन सुरू करायची आज्ञा. ती सेकंडरीवरचा आधीचा डेटाबेस पुसून टाकते. त्याआधी स्क्रीनवर इशारा येतो, आणि ‘रेप्लिकेट’ हा शब्द पूर्ण टाइप केल्याशिवाय ती पुढे जात नाही. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला म्हटलं, “होस्टनेम मोठ्यानं वाच.” त्यानं वाचलं, मी पुन्हा वाचलं, मग एंटर दाबलं.

31 जानेवारी 2017 ची रात्र या कामातल्या माणसानं विसरू नये. गिटलॅबच्याच अभियंत्यानं सेकंडरीचं रेप्लिकेशन नव्यानं लावताना चुकून प्रायमरीवरची डेटा डिरेक्टरी पुसली. सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी उरले. कोड वाचला, पण सुमारे सहा तासांतल्या नोंदी आणि टिप्पण्या गेल्या, कारण हाताशी आलेली प्रत तेवढी जुनी होती. कंपनीनं सगळा तपशील जाहीर लिहिला, याबद्दल मला आदर आहे. तेव्हापासून आमच्या प्रायमरीचा प्रॉम्प्ट लाल असतो. आणि सेकंडरी आहे म्हणून बॅकअप बंद करा असं कुणी म्हटलं, तर मी ठाम नकार देतो. प्रायमरीवर पुसलेली ओळ सेकंदभरात सेकंडरीवरही पुसली जाते.

शेवटचा वाद रेप्लिकेशन स्लॉटवरून झाला. सेकंडरीशी संपर्क तुटला, की त्यानं न उचललेल्या नोंदी प्रायमरी साठवत राहतो, पार डिस्क भरेपर्यंत. पोस्टग्रेस 13 पासून त्यावर मर्यादा घालता येते. फ्रँकफर्टच्या मंडळींना ती नको होती, कारण मर्यादा ओलांडली की पुण्याची प्रत पहिल्यापासून घ्यावी लागते. मी म्हटलं, खुशाल घेऊ. तेवढा वेळ पुणं फ्रँकफर्टवरून क्लोन करेल. प्रायमरीची डिस्क भरली तर दोन्हीकडचं काम थांबेल. मर्यादा घातली, आणि ती आजही तशीच आहे.