खरा, तरीही चुकीचा पर्याय

रायपूरच्या तेलीबांध्यातल्या माझ्या क्लासमध्ये ‘क्लॅट’ या विधी प्रवेश परीक्षेची तयारी करणारी मुलं येतात. बऱ्याच जणांची नजर नवा रायपूरच्या हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठावर असते. दोन तासांत १२० प्रश्न, चुकलं की पाव गुण वजा. मुलं हमखास अडखळतात ती ‘कोणता पर्याय हा युक्तिवाद कमकुवत करतो?’ इथे. म्हणून उदाहरण मी जवळचंच घेते.

‘तलावाकाठी फिरायचा रस्ता झाल्यावर तिथे पहाटे चालणारे वाढले, म्हणजे या रस्त्यानेच रायपूरकरांना चालायची सवय लावली.’

पर्याय चार. चालणं सगळ्यांनाच आवडतं असं नाही. पावसाळ्यात गर्दी ओसरते. संध्याकाळी येणारे बहुतेक जण खायलाच येतात. पहाटे येणारे बहुतेक जण आधीपासून दुसऱ्या मैदानांवर रोज चालत होते.

तिसऱ्याला भराभर हात वर होतात. ‘मॅम, ये तो एकदम सच है!’ तलावाकाठचा हा रस्ता, म्हणजे इथला ‘मरीन ड्राइव्ह’, संध्याकाळी पाहिलेल्याला तो पटणारच. पण प्रश्नात ‘खरे मानल्यास’ असं लिहिलेलं असतं. चारही पर्याय खरे धरूनच बसायचं. मग पाहायचं एवढंच, की हे खरं असेल तर पुराव्यावरून निष्कर्षावर जाता येतं का? संध्याकाळच्या खवय्यांमुळे पहाटेच्या चालणाऱ्यांबद्दल काहीच बदलत नाही. चौथा पर्याय गर्दी वाढल्याचं नाकारतही नाही. माणसं फक्त जागा बदलून आली, सवय जुनीच, एवढं तो दाखवतो. म्हणजे ‘चालणारे नवेच आहेत’ ही युक्तिवादातली न सांगितलेली अट तो उघडी पाडतो.

आपल्या न्यायदर्शनाने, म्हणजे जुन्या तर्कशास्त्राने, अशी लपलेली अट फार नेमकी टिपलीय. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त उदाहरण आहे: डोंगरावर आग आहे, म्हणून धूर असणारच. पण लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. या न सांगितलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. मला हा शब्द मुलांना शिकवावासा वाटतो, कारण उपाधी शोधायची सवय लागली की आकर्षक पर्याय आपोआप मागे पडतात.

एखादी मुलगी विचारतेच, ‘पण थोडे तरी नवे असतील ना?’ असतील की. निष्कर्ष पुरता पाडा असं कुणी सांगितलेलंच नाही, तो डळमळला तरी पुरे. मग मी चौथ्या पर्यायातलं ‘बहुतेक’ पुसून ‘काही’ लिहिते आणि त्यांना पुन्हा भांडायला लावते.