फ्रेंडशिपच्या बाजारातले जुने साचे

अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात फ्रेंडशिप नावाचं एक गाव आहे. गाव कसलं, वाडीच म्हणायची! रस्त्याच्या कडेला मूठभर घरं, भोवती मक्याची शेतं, झाडीनं भरलेल्या टेकड्या आणि त्यांच्यामधून वळणं घेत ओहायो नदीकडे निघालेला लॉफरी क्रीक हा ओढा. या ओढ्याला नाव मिळालं ते कर्नल आर्चिबाल्ड लॉक्री याच्यावरून. १७८१च्या ऑगस्टमध्ये ओढ्याच्या मुखाजवळ मोहॉक सरदार जोसेफ ब्रँट याच्या माणसांनी लॉक्रीच्या शंभरेक शिपायांना गाठलं. जे मारले गेले नाहीत ते कैद झाले. पुढे नावाचं स्पेलिंग बदललं, पण ओढ्यानं आठवण जपली.

एरवी इथं गाडी थांबवण्याचं कुणालाच कारण नसतं. जून आणि सप्टेंबरमध्ये मात्र या वाडीचं रूप पालटतं. मैदानावर तंबू उभे राहतात, हरणाच्या कातड्याचे कपडे घातलेले पुरुष नि लांब झग्यातल्या बायका चुलीवर कॉफी उकळताना दिसतात आणि दिवसभर धडाडधूम आवाज चालू असतो. ‘नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन’ या १९३३ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या नेमबाजीच्या स्पर्धा इथं भरतात. बंदुका सगळ्या ठासणीच्या. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग कापडाच्या चकतीत गुंडाळलेली शिशाची गोळी, ती गजानं ठासायची आणि मगच चाप ओढायचा. एका बाराला मिनिटभर सहज जातो. घाई असलेल्या माणसाचं इथं काम नाही.

या बंदुकांची गोळी दुकानातून आणण्यापेक्षा घरी ओतण्याचीच रीत जुनी. एकेकाळी बंदुकीबरोबर तिच्या नळीच्या मापाचा साचाही मिळायचा. गंमत म्हणजे आपल्याकडे सर्रास बोलली जाणारी ‘बारा बोअरची बंदूक’ हे नावसुद्धा ओतकामातूनच आलंय. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्या नळीत बसेल, ती बारा बोअर. म्हणून तर आकडा वाढला की नळी बारीक होते!

स्पर्धेच्या दिवसांत मैदानालगत जुना बाजार भरतो. खुर्च्या, कंदील, बिडाचे तवे, घोड्याचे नाल, कुणाच्या तरी आजीची रजई, असा सगळा पसारा. त्यातच एखाद्या टेबलावर जुन्या साच्यांचा ढीग असतो. दिसायला ते अडकित्त्यासारखे. दोन दांडे, पुढे धातूचे दोन ठोकळे, ठोकळे मिटले की आत गोळीच्या आकाराची पोकळी. वर एक सरकती पट्टी, तिला भोक. त्या भोकातून शिशाचा रस ओतायचा, तो थिजला की पट्टीवर लाकडी दांडक्यानं टोला द्यायचा. वरचं शेपूट कापलं जातं, दांडे उघडले की चकचकीत गोळी खाली पडते.

टेबलावरच्या साच्यांत नाना पिढ्या एकत्र नांदतात. न्यू हेवन इथं जॉन बार्लो यानं १८८४ साली सुरू केलेल्या ‘आयडियल’ कारखान्याची जुनी लोखंडी हत्यारं असतात. त्यातल्या काहींच्या दांड्यांना लाकडी मुठीच नाहीत. दहा-बारा गोळ्या ओतल्या की हात भाजलाच! हा धंदा १९२५ साली ‘लायमन’नं घेतला, त्यामुळे त्या शिक्क्याचेही साचे पुष्कळ. शिवाय विस्कॉन्सिनमधल्या ‘ली’ कंपनीचे ॲल्युमिनियमचे हलके, स्वस्त साचे. नवशिक्या गिऱ्हाईकाचा हात हमखास सगळ्यात जुन्या, सगळ्यात सुंदर साच्याकडे जातो. तिथंच बहुतेक वेळा तो फसतो.

जाणता माणूस साच्याचं रूप बघत नाही. तो ठोकळे मिटून साचा उन्हाकडे धरतो. दोन ठोकळ्यांमधून उजेडाची रेघ दिसली तर साचा खाली ठेवतो, कारण त्या फटीतून शिसं बाहेर येणार आणि गोळीला झालर लागणार. मग ठोकळे उघडून पोकळीच्या कडांवरून नख फिरवतो. पूर्वीच्या मालकानं अडकलेली गोळी काढायला चाकू किंवा पेचकस घातला असेल, तर तिथं खाच लागते. हीच खोड सगळ्यात वाईट. गंजाचं तेवढं भय नाही. वरवरचा तांबूस थर तेल लावून घासला की जातो. पण गंजानं पोकळीत खड्डे पाडले असतील, तर गोळी दर वेळी तिथं धरून बसते.

ठोकळ्यांच्या आतल्या बाजूला केसासारख्या बारीक रेघा असतात. नवख्याला त्या ओरखडे वाटतात. वास्तविक रस आत शिरताना हवा बाहेर जावी म्हणून त्या मुद्दाम पाडलेल्या असतात. साचा विकायला काढण्यापूर्वी कुणी हौशीनं पॉलिश पेपरनं घासून आरशासारखा केला असेल, तर त्याचं दिसणं वाढतं आणि मोल संपतं. भांडी घासण्यातसुद्धा इतका उत्साह नको!

मापाचीही गोष्ट आहेच. अर्ध्या इंचाच्या, म्हणजे पन्नास कॅलिबरच्या नळीला बहुधा ०.४९० इंच व्यासाची गोळी लागते, कारण कापडाच्या चकतीला जागा हवी. पण साच्यावर कोरलेला आकडा हा फार तर शब्द झाला, पुरावा नव्हे. खरं माप ओतलेली गोळी व्हर्नियरवर धरल्यावरच कळतं. म्हणून काही विक्रेते साच्यासोबत त्यातून ओतलेली एखादी गोळी ठेवतात. असा विक्रेता भेटला तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नसते.

साचा मिळाला तरी शिसं हवं. अमेरिकेत खनिजापासून शिसं काढणारी शेवटची मोठी भट्टी मिसुरीतल्या हर्क्युलेनियम इथं होती. ती २०१३च्या अखेरीला बंद पडली. हौशी मंडळींचा आधार आधीपासून भंगारच. जुने नळ, छपराचे पत्रे. ठासणीच्या बंदुकीला मऊ, शुद्ध शिसं लागतं. नखानं ओरखडा उठला तर ते चांगलं. मोटारीच्या चाकांना लावायची वजनं कठीण, कारण त्यात अँटिमनी असतं. शिवाय हल्ली ती जस्ताचीही असतात. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, जस्त ४१९ला. म्हणजे आच बेताची ठेवली तर जस्ताची वजनं वर तरंगतात आणि काढून टाकता येतात. आच वाढली की ती विरघळतात आणि सगळा घाण बिघडतो. मोटारीच्या बॅटरीतलं शिसं तर शहाणा माणूस घेतच नाही. त्यातून विषारी वायू निघू शकतो.

आपल्याकडे गल्लीत कल्हईवाला यायचा तेव्हा मुलं भोवती कोंडाळं करून बसायची. कथलाचा तो चंदेरी ओघळ पाहण्याचा मोह कुणाला आवरायचा? शिसं वितळतं तेव्हाही तसंच दिसतं. फरक एवढाच, की इथं मुलांना जवळ बसवणं हा अपराध आहे.

या छंदाची सगळी जोखीम इथं आहे. सगळ्यांना भीती वाटते ती वाफेची. पण शिसं उकळायला १,७०० अंशांच्या वर आच लागते, तेवढी ओतकामात नसतेच. शिसं पोटात जातं ते धुळीतून. वर आलेली मळी पळीनं काढली की तिची राखाडी पूड उडते. ती बोटांना, बाह्यांना, बुटांना चिकटते. त्याच हातानं सँडविच खाल्लं, त्याच बुटांनी घरात शिरलं, त्या जमिनीवर रांगणाऱ्या बाळानं बोट तोंडात घातलं, की झालं. मुलांच्या मेंदूला शिसं किती बाधतं हे जसजसं कळत गेलं, तसतशी अमेरिकी आरोग्य यंत्रणेनं मुलांच्या रक्तातल्या शिशाची लक्ष ठेवण्याची पातळी खाली आणली. २०२१मध्ये ती डेसिलिटरला साडेतीन मायक्रोग्रॅमवर आली. म्हणून मुरलेले लोक काम उघड्यावर करतात, भांडं बिडाचं आणि फक्त त्याच कामाचं ठेवतात, कपडे वेगळे धुतात आणि हात धुतल्याशिवाय पाण्याच्या बाटलीलाही शिवत नाहीत.

दुसरा शत्रू पाणी. वितळलेल्या शिशात ओली पळी बुडाली किंवा भंगार नळात अडकलेला एखादा थेंब आत गेला, तरी त्याची क्षणात वाफ होते आणि सगळा रस उसळून अंगावर येतो. चष्मा, हातमोजे आणि लांब बाह्या याला पर्याय नाही. पावसाचे चार थेंब पडायला लागले की कसलेला ओतारी भट्टी विझवून उठतो, घाणात कितीही शिसं उरलेलं असो.

घरच्या बायकापोरांनी गोळ्या ओतल्याचा एक प्रसंग अमेरिकी इतिहासात फार गाजलेला आहे. ९ जुलै १७७६ रोजी न्यूयॉर्कच्या बोलिंग ग्रीनमधला राजा तिसरा जॉर्ज याचा घोड्यावरचा पुतळा जमावानं खाली ओढला. पुतळा शिशाचा, वर सोन्याचा मुलामा. त्याचं बरंचसं शिसं कनेक्टिकटमधल्या लिचफिल्डला ऑलिव्हर वोलकॉट यांच्या घरी पोचलं. तिथं वोलकॉटांची मुलं आणि गावातल्या बायका यांनी मिळून ४२,०८८ गोळ्या तयार केल्या. एवढा नेमका आकडा ठेवला गेला, कारण कुणी किती केल्या याची नोंद होती. त्या मुलांच्या पोटात किती शिसं गेलं असेल, याची नोंद ठेवायचं मात्र तेव्हा कुणाला सुचणं शक्य नव्हतं.

आपल्या देशात हा छंद नाही, आणि तो सहज लागण्यासारखाही नाही. १९५९च्या शस्त्रास्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. खुद्द अमेरिकेतही गोष्टी बदलताहेत. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या वापरायला बंदी आहे. शिकारीचं उरलेलं मांस खाऊन काँडॉर गिधाडं शिशानं मरत होती, आणि १९८२ साली तर ती अवघी बावीस उरली होती.

फ्रेंडशिपमध्ये संध्याकाळ झाली की मैदानावरचे बार थांबतात. सकाळी बाजारात घेतलेला साचा कुणीतरी साबणाच्या गरम पाण्यात जुन्या टूथब्रशनं घासतो. तेलाचा अंश राहिला तर गोळी सुरकुततेच. तो नीट वाळवायचा, पोकळीला मेणबत्तीची काजळी धरायची, ठोकळे भांड्याच्या कडेला टेकवून तापवायचे, मग पळी उचलायची. पहिली गोळी पडते ती वाळलेल्या आवळ्यासारखी. साचा अजून थंड आहे. दुसरी तशीच, पाचवी जरा बरी. दहाव्या-बाराव्या गोळीला कुठे गुळगुळीत चकाकी येते. आधीच्या सगळ्या एकेक करून, शिंतोडा न उडवता, पुन्हा भांड्यात जातात.