शुक्रवार शाळेचा, शनिवार कॉलेजचा

अमेरिकन फुटबॉलच्या एखाद्या जुन्या चाहत्याशी व्यावसायिक संघांविषयी बोलावे, तर तो सौजन्याने उत्तरे देतो. शाळेच्या संघाचा विषय निघाला की मात्र त्याचा आवाज बदलतो. रविवारचे खेळाडू पगारी. आज या शहराचे, उद्या त्या. शुक्रवारी रात्री मैदानात उतरणारा मुलगा शेजारच्या रस्त्यावर राहणारा असतो आणि शाळा संपली की हा गणवेश तो पुन्हा कधी घालणार नसतो. ही मुले पैशासाठी खेळत नाहीत, यावर चाहत्याची श्रद्धा असते. त्या श्रद्धेच्या इतिहासाचा हा थ्रेड.

महाराष्ट्रात फुटबॉल म्हटले की पायाने खेळायचा गोल चेंडू डोळ्यांसमोर येतो. हा खेळ वेगळा. लंबगोल चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या सीमारेषेपलीकडे न्यायचा, चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचे. समोरच्या अकरा जणांनी तो देहाची भिंत करून अडवायचा. चेंडूइतकीच धडकही या खेळाचा भाग आहे.

चाहत्याचा आठवडा कायद्यानेही आखून दिलेला आहे. अमेरिकन काँग्रेसने १९६१ साली व्यावसायिक लीगना दूरचित्रवाणीचे हक्क एकगठ्ठा विकण्याची मुभा दिली, तेव्हा शुक्रवारची रात्र आणि शनिवार यांना संरक्षण दिले. कॉलेजांच्या आणि १९६६ पासून शाळांच्याही हंगामात, त्यांचे सामने चालू असलेल्या परिसरात, व्यावसायिक सामना दाखवला तर त्या मुभेचा लाभ मिळणार नव्हता. म्हणून शुक्रवार शाळेचा, शनिवार कॉलेजचा, रविवार व्यावसायिकांचा. टेक्सासच्या पश्चिमेला, ओडेसा या तेलविहिरींच्या शहरात, १९८२ साली उघडलेल्या रॅटलिफ स्टेडियममध्ये सुमारे १९,००० माणसे बसतात, तीही शाळकरी मुलांचा खेळ पाहायला. तिथल्या पर्मियन हायस्कूलच्या १९८८ च्या हंगामावर एच. जी. बिसिंजर यांनी लिहिलेले ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ हे पुस्तक १९९० साली आले आणि बाहेरच्या जगाला या वेडाची ओळख झाली.

या खेळाची सुरुवात मात्र कॉलेजात झाली. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झालेला सामना पहिला मानतात. प्रत्येक बाजूला पंचवीस खेळाडू होते आणि रटगर्सने तो ६–४ असा जिंकला. १८८० च्या दशकात येलच्या वॉल्टर कॅम्पने खेळाडू अकरावर आणले, आखणी आणली, डावपेच आणले. डावपेचांबरोबर क्रौर्यही आले. १८९२ साली हार्वर्डने ‘फ्लाइंग वेज’ हा डाव आणला. बाणाच्या टोकासारखी रचना करून धावत यायचे आणि साऱ्यांचे वजन प्रतिस्पर्ध्याच्या एकाच माणसावर टाकायचे. हा डाव सुचवणारा गृहस्थ बुद्धिबळाचा शौकीन होता! दोनच वर्षांत त्यावर बंदी आली, पण माणसांचे ढिगारे करून रेटण्याची रीत गेली नाही.

१९०५ च्या एका हंगामात वर्तमानपत्रांनी मोजलेले बळी एकोणीसच्या आसपास होते, आणि त्यांत कॉलेजच्या खेळाडूंपेक्षा शाळकरी वयाची मुले अधिक होती. त्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले. त्यांनी बंदीची धमकी दिली, ही लोकप्रिय कथा अतिरंजित आहे. ते स्वतःच या खेळाचे चाहते होते. त्यांचा थोरला मुलगा त्याच वर्षी हार्वर्डच्या नवागतांच्या संघातून खेळत होता. खरे वळण नोव्हेंबरच्या अखेरीस आले. न्यू यॉर्क विद्यापीठाविरुद्ध खेळताना युनियन कॉलेजचा हॅरल्ड मूर डोक्याला मार लागून दगावला आणि न्यू यॉर्क विद्यापीठाचेच प्रमुख हेन्री मॅक्रॅकन यांनी इतर संस्थांना हाक दिली. डिसेंबरात ६२ संस्था एकत्र आल्या. त्यातून जन्मलेली संघटना १९१० पासून एनसीएए या नावाने ओळखली जाते.

पुढच्याच वर्षी नियम बदलले. दोन्ही रांगांमध्ये मोकळी जागा सक्तीची झाली आणि चेंडू पुढे फेकण्यास प्रथमच परवानगी मिळाली. आज हवेतून चाळीस यार्ड जाणाऱ्या ज्या चेंडूसाठी चाहता बाकावरून उठतो, तो नियम मुले मरू नयेत म्हणून आला आहे.

सर्वांनाच हा तोडगा पटला नाही. कोलंबियाने दहा वर्षे खेळ बंद ठेवला. शिकागो विद्यापीठाने तर १९३९ साली बलाढ्य परंपरेचा आपला संघच मोडला. पुढे त्या ओस मैदानाच्या प्रेक्षागृहाखाली, २ डिसेंबर १९४२ रोजी, एन्रिको फर्मी यांच्या चमूने पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली.

आता पैशाची गोष्ट. १९५५ साली कोलोरॅडोतल्या फोर्ट लुइस या कॉलेजकडून खेळताना रे डेनिसन डोक्याच्या दुखापतीने मरण पावला. त्याच्या विधवेने कामगाराच्या वारसाला मिळते तशी भरपाई मागितली. १९५७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली: कॉलेज फुटबॉलच्या धंद्यात नाही, असे कारण दिले. याच काळात एनसीएएने ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द रूढ केला. खेळाडू उद्या कामगार ठरतील या धास्तीतून तो घडवला गेला, हे संघटनेचे दीर्घकाळचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी १९९५ साली स्वतःच लिहिले. चाहत्याला निर्मळ वाटणारा शब्द वकिली गरजेतून आला होता. दरम्यान प्रशिक्षकांचे पगार वाढत होते आणि मिशिगनसारख्या विद्यापीठाच्या मैदानात लाखाहून अधिक प्रेक्षक बसत होते.

हा बांध २०२१ साली फुटला. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएविरुद्ध एकमताने निकाल दिला आणि जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर व प्रतिमेवर कमाई करता येऊ लागली. २०२५ पासून कॉलेजे त्यांना थेट पैसे देऊ शकतात. जुना चाहता हळहळतो: मुले दर हंगामाला कॉलेज बदलतात, निष्ठा राहिली नाही. ती हळहळ खोटी नाही. पण डेनिसनची विधवा रिकाम्या हाताने परतली, तेव्हा निष्ठा कोणी कोणाशी राखली होती, हा प्रश्न तिच्यात क्वचितच येतो. मग तो शाळेच्या मैदानाकडे वळतो, तिथे तरी काही बदललेले नाही असे मानून. वास्तविक अनेक राज्यांत आता शाळकरी खेळाडूही नावावर कमाई करू शकतात.

तरीही शुक्रवारी तो जातो. बँड वाजत असतो. मैदानाच्या कडेला रुग्णवाहिका उभी असते. तिसऱ्या सत्रात सतरा वर्षांचा एक मुलगा खाली पडतो आणि उठत नाही. बँड थांबतो. दोन्ही संघांतील मुले एक गुडघा टेकून बसतात, आणि बाकांवरच्या हजारो माणसांना एकदम थंडी जाणवते. चाहता त्या मुलाचे पाय हलतात का ते पाहतो. ते हलतात. मुलगा दोघांच्या खांद्यांवर हात टाकून बाहेर जातो, टाळ्या वाजतात, आणि पंच घड्याळ पुन्हा सुरू करण्याची खूण करतो.